डीकॅलवर वारंवार येणारी पांढरी झाक: कारण ओळखणे आणि उपाय

कोल्हापुरात मॉडेल गाड्या करणाऱ्यांपैकी जे स्वतः छापलेली डीकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवून चिकटवायची पातळ छापील अक्षरे-चित्रे, बॉडीवर लावतात, त्यांच्यापुढे पावसाळा सुरू झाला की दरवर्षी एकच अडचण उभी राहते. छपाई स्वच्छ आलेली असते, डीकॅल हवे तिथे सरळ बसलेले असते, आणि वाळल्यावर मात्र अक्षरांच्या मधल्या पारदर्शक भागात पांढुरकी झाक दिसू लागते. मग कागद बदलून पाहिला जातो, प्रिंटर बदलून पाहिला जातो, महागाची बाटली मागवली जाते, आणि पुढच्या गाडीवर तीच झाक पुन्हा येते. डोळ्यांना एकसारखी दिसणारी ही झाक प्रत्यक्षात निरनिराळ्या बिघाडांमुळे येते, आणि एका बिघाडावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. कित्येकदा तो झालेले काम आणखी नासवतो. म्हणून झाक कोणत्या प्रकारची आहे हे आधी ठरवावे आणि मगच उपायाला हात घालावा, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी डीकॅलची रचना लक्षात असणे आवश्यक आहे. ज्यावर डीकॅल छापतात त्या वॉटरस्लाइड कागदात सर्वांत खाली जाडसर कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर आणि त्यावर पातळ पारदर्शक फिल्म असते. आपण छापतो ते या फिल्मवर. इंकजेट प्रिंटरची बहुतेक शाई पाण्याने पसरते, त्यामुळे छपाईवर क्लिअर, म्हणजे पारदर्शक वार्निशच्या, स्प्रेचे दोन-तीन पातळ थर देऊन ती बंद करावी लागते; लेझर प्रिंटरचा टोनर उष्णतेने फिल्मवर वितळून बसतो, त्याला पाण्यापासून तेवढा धोका नसतो. याचा अर्थ असा की गाडीवर बसलेल्या डीकॅलमध्ये वरून खाली क्लिअर, शाई, फिल्म, डिंक आणि गाडीचा रंग असे पाच थर एकमेकांवर असतात, आणि पांढरेपणा यांपैकी कोणत्याही थरात किंवा दोन थरांच्या मध्ये उद्भवू शकतो.

पहिली तपासणी डीकॅल पाण्यात बुडवण्याच्या आधीच करावी. छापून क्लिअर दिलेला कागद खिडकीजवळ तिरका धरून पाहावा. न छापलेली फिल्म कागदावर किंचित चकाकली पाहिजे. ती धुरकट, खरखरीत किंवा दुधी दिसत असेल, तर दोष बंद करण्याच्या थरातच आहे आणि गाडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. असे डीकॅल गाडीवर लावून नंतर दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. कागदाचा तेवढा तुकडा वाया गेला असे समजून पुन्हा छापावे.

कागदावर सर्व ठीक दिसले, तर दुसरी तपासणी काचेवर करावी, आणि माझ्या मते या सर्व प्रकारात तिच्याइतकी उपयोगी तपासणी दुसरी नाही. कागदाच्या कडेचा, छपाई नसलेला पण क्लिअर दिलेला बोटभर तुकडा कापून तो नेहमीप्रमाणे भिजवावा आणि स्वच्छ धुतलेल्या काचेच्या तुकड्यावर सरकवून लावावा. पूर्ण वाळल्यावर काचेखाली काळा कागद ठेवून पाहावे. काच अत्यंत गुळगुळीत असल्याने तिथे फिल्मखाली हवा अडकायला जागाच नसते. काचेवर तुकडा जवळजवळ दिसेनासा झाला आणि गाडीच्या दरवाजावर मात्र तसलाच तुकडा पांढरा पडला, तर डीकॅल निर्दोष आहे आणि सुधारणा गाडीच्या पृष्ठभागात करायची आहे, हे निश्चित होते. काचेवरही तो पांढरा दिसला, तर कागद, क्लिअर, डिंक किंवा पाणी यांपैकी कुठेतरी शोध घ्यावा लागेल.

सर्वांत जास्त आढळणारा बिघाड म्हणजे फिल्मखाली अडकलेली हवा. रंग बोटाला गुळगुळीत लागला तरी तो मॅट किंवा अर्धवट चकाकीचा असेल, तर त्यावर सूक्ष्म उंचवटे आणि खळगे असतात. फिल्म उंचवट्यांवर टेकते, खळग्यांत हवा राहते, आणि त्या हवेच्या सीमेवरून प्रकाश परत फिरल्यामुळे तो भाग चंदेरी दिसतो. या झाकेची ओळख अशी की ती डीकॅलच्या कडेच्या आतच राहते, छापलेल्या गडद भागात लपते आणि पारदर्शक भागात उठून दिसते, आणि गाडी हातात धरून दिव्याखाली फिरवली की कमी-जास्त होते. भिंगातून पाहिल्यास तिच्यात बारीक बारीक ठिपके दिसतात.

देवनागरी अक्षरे लावणाऱ्यांना हा दोष अधिक जाणवतो. आपल्याकडे जीपच्या काचेवर, पिकअपच्या फाळक्यावर ‘ज्योतिबाच्या नावानं चांगभलं’ किंवा ‘अंबाबाई प्रसन्न’ असे लिहिलेले असते, आणि गाडी कोल्हापूरची वाटावी अशी इच्छा असली की ती ओळ मॉडेलवरही हवीच असते. ही ओळ एकेक अक्षर सुटे करून लावता येत नाही. शिरोरेषेने बांधलेला शब्द आणि त्याच्या वरखालच्या मात्रा, वेलांट्या, उकार हे सर्व एकाच फिल्मवर येते. त्यामुळे ‘भ’च्या पोकळीत, ‘च्या’च्या कान्याला लागून, शिरोरेषेखालच्या प्रत्येक फटीत फिल्म मोकळी उघडी राहते, आणि लाल किंवा भगव्या रंगावर हवेचा एकेक ठिपका दिसून येतो. दरवाजावरच्या भरीव रंगाच्या गोलात किंवा पट्ट्यात हीच हवा अडकलेली असली तरी ती दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

पावसाळ्याचा संबंध इथे येतो, पण तो थेट नाही. दमट हवेत उडवलेला रंग किंवा क्लिअर अनेकदा पूर्ण चकाकी धरत नाही; लांबून उडवला तर थेंब पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत अर्धे सुकतात आणि खरखर राहते, जवळून उडवला तर ओघळ येतात. पृष्ठभाग वरवर ठीक दिसतो, आणि त्यावर लावलेले डीकॅल दोन दिवसांनी सांगते की तो ठीक नव्हता. म्हणून डीकॅल लावण्याच्या जागेवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहावे. नळीच्या कडा रेखीव दिसल्या तर पृष्ठभाग तयार आहे. त्या विरघळल्यासारख्या दिसल्या तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यासह अगदी हलक्या हाताने घासून, पुसून, ग्लॉस क्लिअरचा पातळ थर पुन्हा द्यावा. क्लिअर लॅकर, म्हणजे थिनर उडून भराभर सुकणारा, असेल तर पावसाळ्यात किमान दोन दिवस आणि इनॅमल, म्हणजे सावकाश सुकणारा, असेल तर त्याहून बरेच अधिक दिवस वाळू द्यावे. गाडी शेवटी मॅट दिसायला हवी असली, तरीही डीकॅल ग्लॉसवरच लावावे आणि मॅट क्लिअर सर्वांत शेवटी द्यावे.

हवा आधीच अडकली असेल आणि वरून क्लिअर दिलेले नसेल, तर दुरुस्ती शक्य आहे. शिवणकामाच्या बारीक सुईने चंदेरी जागेत चार-सहा छिद्रे पाडावीत, त्यांवर ब्रशने डीकॅल मऊ करणारे द्रावण लावावे आणि हात काढून घ्यावा. मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर यांसारख्या द्रावणांनी फिल्म आधी सुरकुतते आणि मग आपोआप खाली बसते. सुरकुत्या पाहून घाबरून बोट लावले की ती फाटते. ही क्रिया वाळण्याला वेळ देऊन पुन्हा करता येते. मायक्रो सेटचे काम वेगळे आहे: ते सौम्य असून डीकॅल लावण्याआधी जागेवर लावायचे असते, त्याने पृष्ठभाग चांगला ओला होतो आणि डिंक चांगली पकड घेतो. त्याच्याऐवजी किराणा दुकानातले पांढरे व्हिनेगर पाण्यात पातळ करून वापरले तरी बऱ्यापैकी काम होते, मात्र मऊ करणाऱ्या द्रावणाची जागा व्हिनेगर घेऊ शकत नाही.

घरी छापलेल्या डीकॅलच्या बाबतीत एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. विकतच्या किटमधली, म्हणजे सुट्या भागांच्या संचातली, डीकॅल अशा द्रावणांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात. आपल्या डीकॅलवर आपण स्वतः दिलेला क्लिअर असतो, आणि तो द्रावणाला दाद देईलच असे नाही. काही क्लिअर अजिबात मऊ होत नाहीत, काही इतके मऊ होतात की शाईसकट वाहून जातात. म्हणून द्रावणाचा पहिला थेंब नेहमी वाया जाणाऱ्या तुकड्यावर टाकावा. क्लिअर दाद देत नसेल, तर मी दुसरा मार्ग सुचवीन: ज्या जागेवर डीकॅल बसायचे तिथे पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक ग्लॉस क्लिअर ब्रशने पातळ लावावे आणि ते ओले असतानाच डीकॅल त्यावर सरकवावे. खळगे हवेऐवजी क्लिअरने भरतात आणि हवेला जागा उरत नाही. यात डीकॅल फार वेळ इकडेतिकडे हलवता येत नाही, त्यामुळे जागेच्या खुणा मास्किंग टेपने आधीच करून ठेवाव्या लागतात.

आता खऱ्या अर्थाने पावसाळी असलेल्या झाकेकडे वळू. वरून शेवटचा क्लिअर उडवला, आणि काही मिनिटांतच डीकॅल आणि त्याच्या आजूबाजूचा रंग असे सर्वच दुधी झाले, गाडी फिरवली तरी झाक बदलली नाही, तर ती हवा नव्हे. लॅकरने ओल धरली आहे. लॅकरमधला थिनर भराभर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, आणि हवेत बाष्प भरपूर असेल तर थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटते तसे ते बाष्प ओल्या लॅकरवर उतरून त्यात कोंडले जाते. या वेळी डीकॅल मऊ करणारे द्रावण ओतण्याचा काहीही उपयोग नाही, आणि नेमके तेच सर्वांत जास्त केले जाते.

खऱ्या गाड्या रंगवणाऱ्यांना हा दोष नवा नाही. शिवाजी उद्यमनगरात किंवा गॅरेजांच्या कोणत्याही ओळीत जाणत्या पेंटरला विचारले, तर पाऊस लागलेला असताना उघड्यावर लॅकर मारू नये आणि मारायचाच असेल तर थिनरमध्ये रिटार्डर घालावा, असेच तो सांगेल. रिटार्डर म्हणजे सावकाश उडणारा थिनर. तो पृष्ठभाग एकदम थंड होऊ देत नाही आणि आत गेलेल्या ओलीला बाहेर पडायला वेळ देतो. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग उडवणारे छोटे साधन, वापरणाऱ्यांनी हा सल्ला जसाच्या तसा घ्यावा, फक्त गाड्यांच्या दुकानातला रिटार्डर प्लास्टिकच्या बॉडीवर थेट न वापरता आधी किटचे भाग काढून उरलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवर वापरून पाहावा, कारण तीव्र थिनर प्लास्टिक खातो. स्प्रे कॅन वापरणाऱ्यांच्या हातात रिटार्डर नसतो. त्यांनी कॅन काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा, म्हणजे फवारा बारीक येतो. पाणी हाताला सहज सोसेल इतपतच कोमट असावे, आणि कॅन कधीही गॅसजवळ किंवा कढत पाण्यात धरू नये.

हवेतील आर्द्रता मोजणारे छोटे डिजिटल यंत्र बाजारात सहज मिळते, आणि या छंदातल्या बऱ्याच महागड्या वस्तूंपेक्षा मी ते अधिक गरजेचे मानतो. खोलीतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल, तर मी लॅकर उडवत नाही. जुलैत इथे असे दिवस सलग येतात, तेव्हा कापणे, घासणे, छापण्यासाठी रेखाटने तयार करणे ही कामे करावीत. ऑगस्टमध्ये मधूनच उघडीप मिळते. तेवढ्या काळात क्लिअरचे थर उरकावेत, तेही एकदम जाड न देता पातळ देऊन, प्रत्येक थरानंतर गाडी झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवून. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात.

दुधी झाक आलीच, तर घाई करू नये. गाडी कोरड्या, किंचित उबदार जागी दोन-तीन दिवस ठेवावी. हलकी झाक पुष्कळदा एवढ्यानेच उतरते. उरली, तर कोरड्या दिवशी रिटार्डर घातलेल्या क्लिअरचा धुक्यासारखा पातळ फवारा त्यावर द्यावा, म्हणजे वरचा थर पुन्हा सैल होऊन कोंडलेली ओल निघून जाते. डीकॅलवर हा फवारा अत्यंत जपून द्यावा, कारण तो जड झाला तर खालची शाई आणि फिल्म दोन्ही आकसतात. पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक क्लिअर जाड लागल्याने दुधी दिसत असेल, तर मात्र काहीच करायचे नसते. त्यातले पाणी उडून गेले की ते आपोआप पारदर्शक होते, फक्त पावसाळ्यात त्याला वेळ लागतो.

उरलेली दोन कारणे किरकोळ आहेत, पण त्यांच्यासाठी नाहक सुया टोचल्या जातात म्हणून सांगतो. डीकॅलच्या कडेबाहेर पांढुरकी किंवा पिवळसर, ओल्या बोटाला चिकट लागणारी पट्टी दिसली, तर तो उरलेला डिंक असतो. ओल्या मऊ ब्रशने किंवा कापसाच्या काडीने पुसला की जातो. ठळक कडेची पांढरी गोल वलये दिसली, तर ते बोअरच्या जड पाण्यातले क्षार. व्हिनेगरचा थेंब घातलेल्या पाण्याने ती पुसली जातात, आणि बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी भिजवण्यासाठी वापरले तर येतच नाहीत. भिजवताना डीकॅल पाण्यात पोहत ठेवू नये. दहा-पंधरा सेकंद बुडवून ते ओल्या टिश्यू पेपरवर मिनिटभर ठेवावे. बोटाने ढकलल्यावर फिल्म सरकली की ते तयार आहे. पाण्यात फार वेळ राहिले तर डिंक सगळाच धुऊन जातो, पकड कमी होते, कडा उचलतात आणि हवा शिरते.

छपाईच्या टप्प्यावर पावसाळा आणखी एक घोटाळा करतो. न वापरलेला कागद ओल धरून वळतो आणि त्याचा डिंक अर्धवट जागा होतो, तेव्हा कागद बंद पिशवीत सिलिका जेलसह ठेवावा आणि लागेल तेवढाच बाहेर काढावा. इंकजेटची शाई कोरड्या दिवसांत लवकर वाळते, पण जुलैत तिला पूर्ण एक दिवस द्यावा. अर्धवट ओल्या शाईवर क्लिअर उडवला तर अक्षरांच्या कडा फुटतात आणि बंद थर धुरकट होतो. सुरुवातीला सांगितलेल्या कागदावरच्या तपासणीत सापडणारा दोष बहुधा इथेच जन्मलेला असतो. लेझर छपाई झेरॉक्स सेंटरमधून करून घेणार असाल, तर कागद लेझरसाठीचाच असल्याची खात्री करूनच तो दुकानदाराच्या हाती द्यावा. इंकजेटच्या कागदावरचा थर लेझर यंत्रातल्या उष्णतेने वितळून आत चिकटू शकतो, आणि त्यात नुकसान दुकानदाराचे होते.

पांढऱ्या फिल्मच्या कागदावर छापलेल्या डीकॅलची कापलेली कड पांढरी दिसते, तीही काही जण याच दोषात मोजतात. साधे प्रिंटर पांढरा रंग छापत नसल्याने गडद गाडीवर फिकी अक्षरे हवी असली की हा कागद वापरावाच लागतो, आणि मग कडेला गाडीच्याच रंगाचा बारीक हात फिरवणे एवढाच उपाय आहे. खासगी गाडीच्या नंबर प्लेटला मात्र हा कागद उत्तम, कारण तिथे पांढरी पार्श्वभूमी हवीच असते. खऱ्या मोटारीची ५०० बाय १२० मिलिमीटरची प्लेट १:२४ प्रमाणात साधारण २०.८ बाय ५ मिलिमीटर होते. तिच्यावरचे ६५ मिलिमीटर उंच आणि १० मिलिमीटर जाड रेषेचे अक्षर २.७ मिलिमीटर उंच आणि ०.४ मिलिमीटर जाडीचे राहते, म्हणजे ‘एमएच ०९’ स्पष्ट वाचता येते. १:६४ मध्ये तीच रेषा ०.१६ मिलिमीटरवर येते, आणि ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांच्या, छपाईत तिच्या वाट्याला जेमतेम चार ठिपके येतात. तिथे अक्षर फुटले, तर तो दोष क्लिअरचा किंवा हवेचा समजू नये.

शेवटचा क्लिअर टू-के प्रकारचा, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा असेल, तर डीकॅलवर पहिले दोन थर कोरडे, धुक्यासारखे द्यावेत आणि ते बसल्यावरच ओला थर द्यावा. अशा हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. साध्या कापडी मास्कने त्यापासून संरक्षण होत नाही, त्यामुळे योग्य काडतुसाचा रेस्पिरेटर आणि मोकळी हवा यांशिवाय हा प्रकार घरात अजिबात करू नये.

काही वेळा डीकॅल वाचवण्यासारखे राहत नाही. वरून क्लिअर नसेल, तर त्यावर व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्यात भिजवलेला टिश्यू पेपर काही वेळ ठेवावा आणि फिल्म सैल झाली की मास्किंग टेप दाबून हळूच उचलावी. वरून क्लिअर दिलेला असेल, तर २००० नंबरच्या पेपरने तेवढीच जागा पाण्यासह घासत डीकॅलपर्यंत जावे. घासताना पाण्यात गाडीचा रंग दिसू लागला की तिथेच थांबावे. मग जागा डिंक राहणार नाही अशी धुऊन, पूर्ण कोरडी करून, ग्लॉस क्लिअर द्यावा, आणि ट्यूबलाइटची नळी त्यात रेखीव दिसेपर्यंत दुसरे डीकॅल भिजवायला घेऊ नये.